नाच, कॅमेरा आणि डाऊन सिंड्रोम : वाचकांचे प्रश्न

डाऊन सिंड्रोम (जन्मतः एक गुणसूत्र जास्त असण्याची अवस्था) असलेल्या तरुण नर्तकांवर माहितीपट करायचा तर काय काय माहीत हवं, याबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन आम्ही गेल्या अंकात केलं होतं. पत्रं नुसती चित्रपट करणाऱ्यांची आली नाहीत. आई-वडिलांची, नृत्यशिक्षकांची आणि पीटीच्या सरांचीही आली. त्यांतल्या काही प्रश्नांना नृत्यशिक्षण, फिजिओथेरपी आणि चित्रीकरण या क्षेत्रांतल्या आमच्या सल्लागारांनी मिळून दिलेली ही उत्तरं.

मी चित्रपटाचं शिक्षण घेतोय. डाऊन सिंड्रोम असलेल्या सहा मुलामुलींचा एक नृत्यगट वार्षिक कार्यक्रमाची तयारी करतोय. त्यावर तीस मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. कार्यक्रमाच्या दिवशीच्या टाळ्या हा शेवट ठरवलाय. बाकी काय चित्रित करू?
— विद्यार्थी, कोल्हापूर

टाळ्या जरूर घ्या, पण चित्रपट त्यांच्या भरवशावर उभा करू नका. अशा कार्यक्रमांत प्रेक्षक कौतुकाने टाळ्या वाजवतातच. नाच कसा झाला हे त्यातून कळत नाही. ते कळायला प्रेक्षकाला शिकणं दिसलं पाहिजे. त्यासाठी नाचातला सगळ्यांत अवघड असा आठ-दहा सेकंदांचा एक तुकडा आधीच हेरा. शिक्षकांना विचारलंत तर ते लगेच सांगतील. तो तुकडा दर आठवड्याला, खोलीच्या त्याच कोपऱ्यातून, त्याच लेन्सने चित्रित करा. तीन महिन्यांनी ही बारा-तेरा दृश्यं एकामागोमाग लावली की निवेदनाची गरजच उरत नाही. कुणाचं पाऊल कधी बसलं, कोण कुणाकडे बघून नाचतं, कोण शेजाऱ्याला कोपराने खुणावतं, सगळं पडद्यावर येतं.

पहिल्या तीन-चार तालमींत कॅमेरा फक्त तिकाटण्यावर उभा ठेवा. मुलांना त्यातून बघू द्या, एकमेकांना चित्रित करू द्या. नवलाई एकदा ओसरली की ती पुन्हा नाचाकडे वळतात.

कॅमेऱ्याची उंची हा वरवर किरकोळ वाटणारा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढ माणसाची उंची बहुधा पाच फुटांच्या आगेमागे असते. छायाचित्रकार स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरतो आणि नकळत प्रत्येक चौकटीत नर्तकाकडे वरून बघितलं जातं. तिकाटणं नर्तकाच्या छातीच्या उंचीवर, साधारण १०० ते ११० सेंटिमीटरवर आणा. निदान एका कॅमेऱ्यात डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण देह हवा. चेहऱ्यावरचं हसू टिपण्याच्या नादात पाय कापले, तर नाच गेला. संकलनातही पदन्यास मध्येच तोडू नका, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर कापा.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा. ३० फ्रेम आणि १/६० ठेवलंत तर हॉलमधल्या ट्यूबलाइट पडद्यावर थरथरतात. संथ गती शक्यतो टाळा. संथ केलेल्या दृश्यात ताल नाहीसा होतो आणि खाली हळवं संगीत घालण्याचा मोह होतो. या मुलांनी महिनोन् महिने खपून ताल कमावलेला असतो. तोच काढून घेतल्यावर चित्रपटात कीव तेवढी उरते.

आवाजाचं सांगायचं तर, घुंगरू जवळून फार टोकदार वाजतात. रेकॉर्डर पायांपासून दोन मीटर तरी लांब ठेवा आणि सगळ्यांत जोराचा आघात उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी पातळी लावा. नाचणाऱ्याच्या छातीवर कॉलर माइक लावला तर कपड्याची खसखसच येते. तो बोलण्यासाठी राखून ठेवा.

मुलगी चौदा वर्षांची. नाचाच्या क्लासने मानेचा एक्स-रे मागितला. आमचे बालरोगतज्ज्ञ म्हणतात, काही त्रास नसेल तर गरज नाही. कुणाचं ऐकायचं?
— एक आई, सांगली

बालरोगतज्ज्ञांचं म्हणणं आजच्या वैद्यकीय मताला धरून आहे, पण क्लासची काळजीही निराधार नाही. डाऊन सिंड्रोममध्ये सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल असतात. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधले अस्थिबंध सैल असतील तर ते मणके एकमेकांवर गरजेपेक्षा जास्त सरकतात. एक्स-रेमध्ये असं सरकणं शंभरात दहा ते वीस जणांना दिसतं. पण मज्जारज्जूवर दाब येऊन लक्षणं दिसतात ती शंभरात एक-दोघांनाच. शिवाय आज स्वच्छ आलेला एक्स-रे पुढच्या वर्षाची हमी देत नाही. म्हणून लक्षणं नसलेल्या सगळ्यांचे सरसकट एक्स-रे काढण्याची शिफारस अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना आता करत नाही. काही क्रीडास्पर्धांचे आणि क्लासांचे नियम वेगळे असतात. तिथे डॉक्टरांची तपासणी आणि लेखी पत्र द्या.

एक्स-रेच्या फिल्मपेक्षा रोजची नजर जास्त कामाची. मान दुखणं, मान एका बाजूला वाकडी धरणं, चालीत बदल, जिना चढताना नव्याने धडपडणं, हातातून वस्तू सुटणं, आणि आधी नीट सवय असलेल्या मुलीला अचानक लघवी-शौचावर ताबा न राहणं. यातलं एकही दिसलं की नाच त्याच दिवशी बंद आणि न्यूरोसर्जन किंवा मणक्याच्या तज्ज्ञाकडे लगेच. तिथे आधी मान सरळ ठेवूनच एक्स-रे काढतात. तो ठीक आला तरच मान वाकवून काढायचा. पुढे कधी कसलीही शस्त्रक्रिया असेल, अगदी दाताची असली तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना डाऊन सिंड्रोमचं आवर्जून सांगा. नळी घालताना ते मान जपतात.

क्लासमध्ये कोलांटी, शीर्षासन, डोक्यावर किंवा खांद्यावर भार येणारा मनोरा आणि मानेला झटका देणाऱ्या गिरक्या लक्षणं नसतानाही वगळा. त्यांच्यावाचून नाचाचं काही अडत नाही.

आणखी एक. तुमची मुलगी पाय सहज १८० अंशांत फाकवत असेल आणि सगळे वाहवा करत असतील, तर ती वाहवा थांबवा. ते सैल सांध्यांचं लक्षण आहे, कसब नव्हे. तिला ताणण्याचे व्यायाम कमी आणि बळ देणारे जास्त हवेत: पाठीवर झोपून कंबर उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. प्रत्येकी आठ ते दहा वेळा, आठवड्यातून तीन दिवस. नाहीतर नितंबाचा सांधा आणि गुडघ्याची वाटी निसटायला लागते. जन्मतः हृदयदोष जवळजवळ निम्म्या मुलांत असतो. शस्त्रक्रिया झाली असेल तर हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी नवीन वर्गाआधी पुन्हा घ्या.

कथक शिकवते. डाऊन सिंड्रोम असलेले दोन विद्यार्थी आहेत, १६ आणि १९ वर्षांचे. ऐकलेला ठेका आवडीने धरतात, पण तुकडा (बोलांवर बांधलेली छोटी नृत्यरचना) अर्ध्यावर विसरतात, आणि ततकार (बोलांच्या ठेक्यावर पाय मारण्याचा मूळ सराव) दुसऱ्या ओळीला उलटते. मी बोल पुन्हा पुन्हा म्हणून घेते, तरी तेच. कुठे चुकतंय?
— नृत्यशिक्षिका, नाशिक

बोल पुन्हा पुन्हा म्हणून घेणं, हीच इथली अडचण आहे. ऐकलेले शब्द क्रमाने थोडा वेळ धरून ठेवणं या मुलांना जड जातं. एका दमात तीन-चारच टिकतात. डोळ्यांनी पाहिलेलं मात्र चांगलं राहतं. त्यातच कानाच्या पडद्यामागे द्रव साचून ऐकू कमी येणं त्यांच्यात फार सामान्य आहे. वर्षभरात श्रवणचाचणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. स्पीकर त्यांच्या समोर ठेवा, पाठीमागे नको.

आता ततकार. ‘ता थेई थेई तत्’ उजवा-डावा-उजवा-डावा, आणि ‘आ थेई थेई तत्’ डावा-उजवा-डावा-उजवा. म्हणजे चौथ्या मात्रेलाही डावा आणि पाचव्यालाही डावाच. चूक नेमकी इथे होते. चौथ्या मात्रेला डावा पाय मारताना देहाचा भार उजव्यावरच राहिला, तरच डावा लगेच पुन्हा उचलता येतो. स्नायूंचा ताण मुळात कमी असलेलं मूल पाय मारतं तेव्हा त्या पायावर रेलतं. भार डाव्यावर गेला की पाचव्या मात्रेला उजवाच उचलला जाणार. ही विस्मरणाची चूक नाही, भाराची आहे. ती बोलांनी सुटत नाही.

म्हणून आधी फक्त चौथी आणि पाचवी मात्रा घ्या. विद्यार्थ्याचा उजवा हात भिंतीच्या दांड्यावर. डावा पाय हलकेच टेकवायचा, उचलायचा, मग मारायचा. ‘टेक-मार, टेक-मार.’ दोन आठवडे एवढंच, रोज पाच मिनिटं. उजव्या घोट्याला रंगीत पट्टी बांधली की उजवं-डावं तोंडी सांगावं लागत नाही. ते जमलं की आठव्या मात्रेवरून पुन्हा पहिलीवर येतानाचं, म्हणजे उजव्यावरून उजव्यावर, तसंच करून घ्या. लय फार संथ ठेवू नका. संथ लयीत एका पायावर जास्त वेळ तोल सांभाळावा लागतो आणि त्यांना तेच कठीण. मिनिटाला ६० ते ७० मात्रा ठीक.

तुकडा शेवटाकडून शिकवा. तीनतालात एका आवर्तनाचा तुकडा असेल तर पहिल्या दिवशी फक्त समेची मुद्रा: कुठे थांबायचं, नजर कुठे. मग तेराव्या मात्रेपासूनच्या चार मात्रा आणि सम. त्या पक्क्या झाल्या की नवव्यापासून, मग पाचव्यापासून. पहिल्या मात्रेपासून शिकवलं तर आठवणारा भाग मागे पडतो आणि विद्यार्थी न आठवणाऱ्या भागात जाऊन अडकतो. शेवटाकडून शिकवलं की तो नेहमी येत असलेल्या भागाकडे जातो आणि प्रत्येक वेळी समेवर येऊन थांबतो. तो आनंद त्याला पुढचा विभाग शिकायला लावतो. चार विभागांची चार छायाचित्रं, त्या विद्यार्थ्याचीच काढलेली, भिंतीवर डावीकडून उजवीकडे लावा.

दाखवताना त्यांच्याकडे पाठ करून उभ्या राहा किंवा शेजारी. समोरून दाखवलं की सगळं उलटं दिसतं. एका वेळी एकच सूचना द्या आणि मग गप्प राहा. पाच ते दहा सेकंद. मूल ‘ऐकत नाही’ असं वाटून आपण मध्येच सूचना पुन्हा देतो, तेव्हा त्याचा चाललेला विचार तुटतो आणि त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ही दहा सेकंदांची शांतता शिक्षकालाच सगळ्यांत जड जाते.

घुंगरू पायाला पंचवीसच बांधा, खाली सुती पट्टी. त्यांची त्वचा कोरडी असते, लवकर सोलवटते. तळपाय सपाट असल्याने अनवाणी सराव सलग वीस-पंचवीस मिनिटांच्या पुढे नेऊ नका. आणि दम मोजताना ‘२२० वजा वय’ हे सूत्र वापरू नका. डाऊन सिंड्रोममध्ये हृदयाचा कमाल वेग मुळातच २५ ते ३० ठोक्यांनी कमी असतो. वीस वर्षांच्या तरुणाला या सूत्राने २०० येतात. प्रत्यक्षात तो १७० च्या आसपास अडतो. घड्याळातला आकडा कमी दिसतो म्हणून ‘आळस करतोय’ असं ठरवणं अन्यायाचं आहे. बोलता येण्याइतका दम आहे का, ओठ निळसर होतायत का, हे बघा.

शाळेच्या लेझीम पथकात डाऊन सिंड्रोम असलेला मुलगा आहे. घ्यावं का?
— पीटी शिक्षक, सातारा

अवश्य घ्या, आणि मधल्या रांगेत उभा करा. पुढे आणि दोन्ही बाजूंना नाचणारी मुलं दिसली की त्याला चालता-बोलता आरसा मिळतो. शेवटच्या रांगेच्या टोकाला उभं केलं तर काहीच दिसत नाही. बोटं आखूड असल्याने मूठ नीट बसत नाही. लाकडी दांड्यावर सुती कापडाची पट्टी गुंडाळा. ‘चार आवाज’ पक्के झाल्याशिवाय पुढचा प्रकार नको. खाली वाकून एकदम वर उठण्याचे प्रकार त्याने मान स्थिर ठेवून, गुडघ्यात वाकून करावेत. हलगी-ढोल जवळ असेल तर त्याच्यापासून दूर उभा करा. आवाजाने कान झाकून घेणारी मुलं असतात.

माझ्या माहितीपटातली नर्तकी २२ वर्षांची आहे. तिच्या वडिलांनी संमतीपत्रावर सही केली आहे. एवढं पुरेसं आहे का? आणि मुलाखतीत ती प्रत्येक प्रश्नाला ‘हो’च म्हणते.
— दिग्दर्शक, पुणे

पुरेसं नाही. ती सज्ञान आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार कायद्यापुढे तिची क्षमता इतरांच्या बरोबरीची धरली जाते. अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून नेमणूक व्हावी लागते. तशी झाली असेल तर पालकांची सही घ्या, पण तिची संमती तरीही हवीच.

संमतीपत्र चित्रांचं करा. एका पानावर एक गोष्ट: ‘हा कॅमेरा तालमीत येईल’, ‘घरी येईल’, ‘हे मोठ्या पडद्यावर लोक बघतील’, ‘मोबाइलवर कुणीही बघेल’. प्रत्येकाला वेगळा होकार किंवा नकार. तालमीला हो आणि घराला नाही, असं उत्तर आलं तर ते तसंच पाळायचं. चित्रीकरणाच्या दर दिवशी पुन्हा विचारा. लाल कार्ड तिच्या हाताशी ठेवा: दाखवलं की कॅमेरा बंद, कारण विचारायचं नाही. पहिल्याच दिवशी तिला ते एकदा वापरायला लावा आणि खरोखर बंद करा, म्हणजे तिला खात्री पटेल. कच्चं संकलन झालं की इतर कुणाच्याही आधी तिला दाखवा.

‘हो’चं कारण प्रश्नात असतं. ‘तुला नाचायला आवडतं ना?’ याला दुसरं उत्तरच नाही. समजतं ते आणि बोलता येतं ते यांत या मुलांच्या बाबतीत मोठं अंतर असतं. समज पुढे असते, वाचा मागे. तिचाच नाचतानाचा व्हिडिओ टॅबवर लावा आणि विचारा, ‘इथे काय झालं?’ किंवा दोन ठोस पर्याय द्या आणि थोड्या वेळाने क्रम उलटवून तोच प्रश्न पुन्हा विचारा. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं तर ते तिचं. वडिलांना तिच्या नजरेच्या टप्प्याबाहेर बसवा. नाहीतर ती उत्तर त्यांच्या चेहऱ्यावर शोधते. एक बैठक वीस मिनिटांची, तीही सकाळी. झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास निम्म्याहून अधिक जणांना असतो आणि दुपारपर्यंत थकवा दाटतो.

उच्चार अस्पष्ट असतील तर पडद्यावर ओळी द्या, पण सगळ्यांच्याच बोलण्याला, शिक्षकांच्या आणि वडिलांच्यासुद्धा. निवेदनात ‘ग्रस्त’, ‘पीडित’, ‘देवाचं लेकरू’ नको. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढणारे निपुण मल्होत्रा यांच्या खटल्यात चित्रपटांतल्या दिव्यांगांच्या चित्रणासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आहेत. हिणवणारे शब्द टाळा, साचेबद्ध चित्रण टाळा आणि निर्मितीत दिव्यांगांना सहभागी करून घ्या, असं त्यांत म्हटलं आहे. तो निकाल संहिता लिहिण्याआधी वाचा.

मुलगी सतरा वर्षांची, पाच वर्षं नाचतेय. दोन महिन्यांपासून क्लासला जायचं म्हटलं की बसून राहते. बोलणंही कमी झालंय. ‘त्यांचं वयात येताना असं होतंच’ असं सगळे म्हणतात.
— एक वडील, ठाणे

‘होतंच’ म्हणून सोडू नका. येत असलेलं कौशल्य गळून पडणं हे डाऊन सिंड्रोमचं नेहमीचं रूप नाही. त्यामागे कारण असतं आणि पुष्कळदा ते उपचाराने बरं होतं. पहिल्या फेरीत थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, कान, डोळे, दात. मग झोपेची तपासणी: घोरते का, बसून झोपते का, सकाळी चिडचिड असते का. मान आणि चाल, वर सांगली इथल्या वाचक आईला सांगितल्याप्रमाणे. क्लासमध्ये किंवा येता-जाता कुणी चिडवलं, मारलं, नको तिथे हात लावला का, हे चित्रं काढून, बाहुल्या वापरून, विश्वासातल्या बाईमार्फत विचारा. घरात कुणी गेलं, भाऊ-बहीण शिकायला दूर गेली, आवडत्या ताई क्लास सोडून गेल्या, हेही पाहा. शब्द अपुरे असले की दुःख अंगात साचतं.

यातलं काही सापडलं नाही आणि बोलणं, झोप, जेवण, हालचाल सगळंच आठवड्यांत घसरत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांकडे न्या. किशोरवयात आणि विशीत अशी झपाट्याने होणारी घसरण हा आता ओळखला गेलेला विकार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सोबत तिचे सहा महिन्यांपूर्वीचे आणि आजचे नाचाचे व्हिडिओ घेऊन जा. तोंडी वर्णनापेक्षा डॉक्टरांना त्यातून कितीतरी जास्त कळतं. तोवर क्लासशी नातं तोडू नका. तिने नुसतं जाऊन बसलं तरी चालेल.

आम्ही अमेरिकेत असतो. मुलगा आठ वर्षांचा. वैद्यकीय देखरेखीखाली नाच शिकवणारं काही आहे का?
— वाचक, न्यू जर्सी

बॉस्टन बॅलेने बॉस्टनमधल्या मुलांच्या मोठ्या रुग्णालयाच्या साथीने २००२ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांसाठी वर्ग सुरू केले. आता तिथे इतरही अपंगत्व असलेली मुलं येतात. दुसऱ्या शहरांतल्या काही बॅले संस्थांनीही असे वर्ग चालवले आहेत. जवळच्या संस्थेत विचारताना तीन गोष्टी विचारा: फिजिओथेरपिस्ट वर्गात प्रत्यक्ष येतो का, किती मुलांमागे किती मदतनीस, आणि पालकांना बाहेर बसवतात का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर चांगलं. आई-बाबा दिसत असले की मूल शिक्षकाऐवजी त्यांच्याकडे बघत राहतं.

गटाचा नाच एका गाजलेल्या चित्रपटगीतावर आहे. माहितीपटात ते गाणं वापरता येईल का?
— संकलक, मुंबई

परवानगीशिवाय नाही. ध्वनिमुद्रणाचे हक्क बहुधा संगीत कंपनीकडे असतात आणि शब्द-चालीचे वेगळे. ‘आम्ही लावलं नाही, तालमीत वाजत होतं’ हे कारण चालत नाही. पारंपरिक गोंधळ किंवा कोळीगीत निवडलं तरी त्याची बाजारात मिळणारी ध्वनिफीत कुणाची तरी असतेच. स्वस्त आणि चांगला मार्ग म्हणजे ढोलकी-हार्मोनियमवर पारंपरिक चाल स्वतः मुद्रित करून घ्यायची आणि वादकांकडून लेखी हक्क घ्यायचे. पण हे तालमी सुरू होण्याआधी ठरवा. तीन महिने एका गाण्यावर बसलेलं अंग आयत्या वेळी दुसऱ्या गाण्यावर वळवणं या नर्तकांवर फार मोठा भार आहे. आणि संकलनात नवं गाणं नुसतं वरून चढवलं, तर पावलं ठेक्याच्या मागेपुढे पडतात. बघणाऱ्याला वाटतं, नर्तक चुकला. सार्वजनिक चित्रपटगृहात दाखवायचं तर माहितीपटालाही सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. महोत्सवांना सूट मिळते, ती आयोजकांनी मागायची असते.